ताईचं ट्रेनिंग

मंदीनंतरचं वर्ष. दुबईत, करामातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सारखं कुणाचं ना कुणाचं सामान बांधलं जायचं. कुणाची नोकरी खरंच शाबूत आहे आणि कोण नुसतं तसं दाखवतंय, काही कळायचं नाही. त्यातच पुण्यात स्वाइन फ्लूची साथ आली. माझी ताई तिथल्या सरकारी हॉस्पिटलात नर्स. फोनवर म्हणायची, मी बाळंतपणाच्या वॉर्डात, माझा त्या साथीशी काय संबंध?

मग एकदा तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, की तिकडून कुणी येणार असेल तर चांगले मास्क पाठवशील का. मला ते खटकलं. सरकारी हॉस्पिटलातल्या नर्सला दुबईहून मास्क कशाला लागावेत? ती म्हणाली, घरात असलेले बरे.

खात्री करायला मी तिच्या घरी फोन लावला. भाचीनं उचलला. आई ट्रेनिंगला नाशिकला गेलीय म्हणाली. आणि त्याच सकाळी ताई मला सांगत होती, की घरीच आहे, भाजी निवडतेय. माझ्या मनात नको नको ते येऊ लागलं. भांडण झालं असेल का? घर सोडून गेली असेल? भावोजींना ऑफिसात गाठलं. ते उडवाउडवी करू लागले. खरं सांगा, नाहीतर तिकीट काढून येते म्हटल्यावर बोलले.

"ती साथीच्याच वॉर्डात आहे. हॉस्टेलवर राहते. निम्मा स्टाफ आजारी, रजा कुणालाच नाही. मास्क वाळवून पुन्हा वापरतात. सोसायटीत कळलं तर पोरीला कुणी जवळ उभं करणार नाही, म्हणून ट्रेनिंग."

मी मास्कचे खोके मागितले तेव्हा फार्मसीवाल्यानं 'इतने सारे क्यूँ?' म्हणून माझ्याकडे रोखून बघितलं. आमच्या मजल्यावरचे एक गृहस्थ नोकरी गेल्यामुळे कायमचे परतत होते. त्यांनीही प्रत्येक खोका उघडून पाहिला, मगच बॅगेत ठेवला.

मास्क पोचण्याआधीच ताईला ताप भरला. जिथं ड्यूटी, तिथंच खाट. लॅबवर इतका ताण होता, की रिपोर्ट हातात आला तोवर ताप उतरलाही होता. मास्क तिनं आयांना नि वॉर्डबॉयना वाटून टाकले.

पुढच्या हिवाळ्यात ती आमच्याकडे आली तेव्हा मी विचारलं, निदान मला तरी खरं का नाही सांगितलंस?

"तू रडली असतीस," ती म्हणाली. "मग तुलाच समजावत बसावं लागलं असतं. तेवढा वेळ नव्हता गं."