आईचा आवाज आणि मधला स्पीकर

घरात आवाज नीट येत नाही, ही तक्रार पहिल्यांदा बाबांनी केली, आणि त्यावर उपाय म्हणून मी बाबांनाच कानाच्या डॉक्टरकडे नेलं.

आई गेल्यानंतरची गोष्ट. हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, सिटी सेंटर भागातल्या घरात मी, माझी बायको वंदना आणि बाबा असे तिघंच उरलो होतो. (मुलगी पुण्याला. जाताना घरातला एकुलता एक लॅपटॉपही घेऊन गेली.) संध्याकाळी घर इतकं गप्प व्हायचं, की फ्रिज घरघरला तरी आम्ही मान वर करून बघायचो. ती शांतता मला सोसेना, म्हणून मी होम थिएटर आणलं. पाच स्पीकर आणि एक मोठा डबा, जो नुसता धडधडतो. दुकानदार म्हणाला, "सर, हमारा आदमी आके लगा देगा." मी म्हटलं, गरज नाही. कॉलेजात मी तीस वर्षं फिजिक्स शिकवतोय. ध्वनीचा धडा मला पाठ आहे.

दिवसभर खपून मी सगळं जोडलं. सिनेमात घोडे धावले की सोफ्याच्या मागून धावायचे. पाऊस तर असा पडायचा, की वंदना एकदा गच्चीवरचे कपडे काढायला गेली. पण तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "मुकुंद, घोड्यांचं कळतंय. माणसं काय बोलताहेत ते नाही कळत."

"आजकालचे नट पुटपुटतात, बाबा."

"सगळेच?"

वंदना म्हणाली, तिलाही नीट ऐकू येत नाही. "मग तुझेही कान एकदा तपासून घेऊ," असं मी म्हटल्यावर तिनं तक्रार मागे घेतली. मला स्वतःलाही ऐकू येत नव्हतं, पण ते मी मान्य करणं शक्यच नव्हतं. मी खाली लिहून येणाऱ्या ओळी वाचायचो आणि ऐकू आल्यासारखी मान हलवायचो.

डॉक्टर म्हणाले, "इस उम्र में थोड़ा तो होता ही है." बाबा चौऱ्याऐंशीचे. त्यांच्या कानात मशीन आलं. ते अधूनमधून शिटी मारायचं. आठवडाभरानं मी विचारलं, "काही फरक?"

"आहे ना," बाबा म्हणाले. "आता माझी पोळी मला फार मोठ्यानं ऐकू येते. ती माणसं अजून तशीच."

"सवय होईल," मी म्हणालो. बाबांनी आठ महिने सवय केली.

मग आईचं वर्षश्राद्ध आलं. माझी धाकटी बहीण सुधा भोपाळहून आली ती एक पेनड्राइव्ह घेऊन. दोन वर्षांपूर्वी तिनं आईकडून साटोऱ्या शिकून घेतल्या होत्या, तेव्हा फोनवर व्हिडिओ काढला होता. तो फोन नंतर भोपाळच्या तलावात गेला, पण जाण्यापूर्वी व्हिडिओ या पेनड्राइव्हवर उतरवून ठेवलेला होता. आईचा बोलता-चालता असा तेवढाच एक तुकडा उरला होता. सुधाला स्वतःलाही तो बघायचा धीर झाला नव्हता.

दुपारची पानं उठली. बाबांनी नवा सदरा घातला, केस विंचरले आणि टीव्हीसमोर येऊन बसले. बाबांचे जुने मित्र जाधवकाका शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून, मुरारहून आले होते, तेही शेजारी बसले. जाधवकाका फौजेत सिग्नलमध्ये, म्हणजे वायरलेस-टेलिफोनच्या खात्यात, सुभेदार होते. मी पेनड्राइव्ह लावला.

पडद्यावर आई आली. निळं पातळ, हाताला मैदा. तिचे ओठ हलत होते. माझ्या पाठीमागून कुकरची शिट्टी झाली, उजवीकडे पंखा खडखडला, डावीकडे कुणीतरी ताट ठेवलं. आईचा आवाज मात्र नव्हता.

"वाढव जरा," बाबा म्हणाले.

मी वाढवला. कुकर आगगाडीसारखा ओरडला. बाबांच्या कानातल्या मशीननंही त्याच्या सुरात सूर मिळवला. आई तशीच मुकी.

"दादा, टीव्हीचाच स्पीकर चालू कर ना," सुधा म्हणाली.

तो मीच कायमचा बंद करून ठेवला होता. चालू करायला म्हणून मी टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरलो आणि काय दाबलं कोण जाणे, सगळी अक्षरं कुठल्याशा परदेशी लिपीत गेली. त्यातून मी अंदाजानं वाट काढू लागलो. आधी चित्र पिवळं झालं, मग आई आडवी रुंद झाली.

"अहो, तिला तरी नका बिघडवू," वंदना म्हणाली.

मी घामाघूम होऊन पुन्हा आईला नीट केलं, आणि मग, प्रोफेसर माणूस, निष्कर्ष काढायची सवय, सगळ्यांसमोर म्हणालो, "रेकॉर्डिंगमध्येच गडबड आहे. आवाज आलेलाच नाहीये त्यात."

सुधा रडायला लागली. बाबा थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. "म्हणजे तोही गेला," ते म्हणाले आणि काठी शोधू लागले.

त्या क्षणी मला माझ्या पदव्यांसकट जमिनीत जावंसं वाटलं.

"थांबा भाऊसाहेब, बसून घ्या," जाधवकाका म्हणाले. ते गुडघ्यांवर हात टेकत उठले आणि एकेका स्पीकरला कान लावत खोलीभर फिरले. टीव्हीखालच्या मधल्या स्पीकरपाशी आले तेव्हा जमिनीवर चक्क आडवेच झाले.

"प्रोफेसर, हा बीचवाला तर मेलेला आहे. माणसांचं बोलणं कुठून येतं?"

"बहुतेक... मधल्यातूनच," मी म्हणालो.

"मग बघितला होता का कधी?"

काकांनी स्पीकर वळवला, चष्मा कपाळावर चढवला आणि मागची वायर उपसली. मग ती मला दाखवली. वायरवरचं प्लॅस्टिक मी सोललंच नव्हतं. चांगलं घट्ट, स्क्रू पिळून पिळून मी त्या प्लॅस्टिकलाच आवळलं होतं.

प्लॅस्टिकमधून वीज जात नाही. हे मी तीस वर्षं शिकवतोय. त्यावर पोरांना नापासही केलंय.

बाबांनी वायरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग कानातलं मशीन काढून शांतपणे माझ्या हातात दिलं. काकांनी दातांनी वायर सोलली, लावली आणि म्हणाले, "हां, चलाओ."

"...आणि खवा फार भाजायचा नाही गं, सुधा. वास सुटला की पुरे."

आई खोलीत बोलत होती. सुधानं तोंडावर पदर धरला. वंदना उभी होती ती खाली बसली. बाबांनी डोळे मिटून घेतले. पडद्यावर आई पारी लाटत होती, आणि मधेच तिनं दाराकडे बघून आवाज खाली आणला. (खाली आणलेला आवाजही आता खणखणीत येत होता.)

"हळू बोल. बाहेर मुकुंद मिक्सर उघडून बसलाय. त्याला नाही जमायचा तो. उद्या तो कॉलेजात गेला की वंदना दुकानातून दुरुस्त करून आणेल. पण त्याला सांगू नका हं कुणी. त्यानंच केला असं वाटू दे. त्याला वाईट वाटतं."

तो मिक्सर आजही चालतो. मी दुरुस्त केलेली ती आयुष्यातली एकमेव वस्तू. वर्गात मी तिचं उदाहरण देत असे.

मी वंदनाकडे पाहिलं. ती पदराचं टोक बघत होती.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"मुकुंद," बाबा डोळे पुसत म्हणाले, "मुरारपर्यंत माहीत होतं."

जाधवकाकांनी खिडकीबाहेर बघितलं.

त्या दिवसापासून आवाजाबद्दल घरात कुणाची तक्रार नाही. बाबा रोज संध्याकाळी आईला लावायला सांगतात. साटोऱ्यांचं त्यांना काही नाही, त्यांना मिक्सरपासूनच हवं असतं. मी बरोबर तिथूनच लावून देतो, आणि आवाज कमी वाटला तर वाढवतोही.