लिटरला एक टोपण

पारुकुट्टीअम्माच्या जिभेवर उडदाच्या दाण्याएवढा काळा डाग होता. जन्मतःचा. केरळातल्या ओट्टप्पालमजवळच्या त्या गावात अशा जिभेला फार मान; म्हणजे लांबूनच नमस्कार करावा असला मान. काळ्या जिभेची बाई कशाला चांगलं म्हणाली की त्याचं वाटोळं ठरलेलं. आठ वर्षांची असताना ती मामाच्या झाडाकडे बघून "केवढे फणस!" म्हणाली आणि आठवड्याच्या आत त्या झाडावर वीज पडली. वीज पडायला झाडानं उंच असणं पुरेसं असतं, पण एवढा विचार करायला गावाला सवड नव्हती. पुढे लग्न झालं, सासरची गाय आटली. मग नवरा गेला. तो दोन वर्षं खोकून खोकून गेला, तरी खोकल्याला कुणी बोल लावला नाही. तिशीतच अशी गत झाली की नव्या साडीतल्या बायका तिला बघून रस्ता बदलायच्या.

पारुअम्मानं यावर आपल्यापुरता तोडगा काढला. चांगलं दिसलं की शिव्या घालायच्या. नवं बाळ बघायला गेली की झोळीत डोकावून म्हणायची, "शी! हे पोर आहे का माकड?" आणि बाळाची आई सुटकेचा निःश्वास टाकायची. चाळीस वर्षं तिनं कुणाचं कौतुक केलं नाही.

तिच्या शेजारच्या घरात अश्वती राहायची. सातवीच्या पोरांना विज्ञान शिकवायची, म्हणून अख्खं गाव तिला टीचर म्हणायचं. नवरा निधीश बसवर कंडक्टर, सासू सरोजिनीअम्मा, आणि दहा महिन्यांची तुंबी. तुंबी म्हणजे चतुर, तो पाण्यावर भिरभिरणारा किडा. पोरगी एका जागी ठरत नव्हती म्हणून पडलेलं नाव. तिला वरणभातासोबत भाजी कुस्करून द्यायची वेळ आली आणि निधीशच्या मनानं घेतलं की बाजारच्या भाजीवर फवारे मारलेले असतात, ते लेकराच्या तोंडात जायला नकोत. जानेवारीच्या शेवटी त्यानं परसातली जमीन खणली. शाळेच्या आधी-नंतर अश्वतीही मातीत उतरायची, सुट्टी लागल्यावर तर दिवसभर. चवळीच्या लांब शेंगा, लाल माठ, कारली आणि विषूच्या काकड्या. विषू म्हणजे मल्याळी नवं वर्ष; त्या पहाटे डोळे उघडल्याबरोबर देवापुढची पिवळीधमक काकडी दिसावी लागते, आणि ती आपल्या परसातली असली तर बाईला वर्षभर मिरवता येतं.

बी पारुअम्मानं दिलं. राखेत घोळून, फडक्यात बांधून जपलेलं. कुंपणात माणूस वाकून जाईल एवढी फट होती, तिच्यातून ती सकाळीच यायची, तुंबीला कडेवर घ्यायची आणि तिथूनच हुकूम सोडायची. "पोरी, खोल नको गं पेरूस. बी आहे ते, प्रेत नव्हे!" तुंबी माती खायची. अश्वती धावली की पारुअम्मा म्हणायची, "खाऊ दे. जी माती शेंगेला चालते ती हिला चालत नाही होय?" एप्रिल उजाडेपर्यंत वेल मांडवावर चढले, हातभर शेंगा लोंबायला लागल्या. तिघीही त्या उन्हाळ्यात रापून काळ्या झाल्या होत्या आणि अश्वती आयुष्यात पहिल्यांदाच इतकी सुखात होती.

एकच गोष्ट तिला खुपायची.

"पारुअम्मा, एकदा तरी सरळ सांगा. शेंगा कशा आल्यात?"

"कसल्या शेंगा! गांडुळं बरी यापरीस."

"मी पोरांच्या डोक्यातून हेच खूळ काढते आणि तुम्ही माझ्याच दारात हे बोलता? जीभ ही जीभ असते. डाग हा डाग असतो."

"नको पोरी. चांगलं चाललंय तुझं," असं म्हणून पारुअम्मानं चटकन जीभ चावली, कारण 'चांगलं' तोंडातून निसटलंच होतं. अश्वती खो खो हसली. मग हट्टालाच पेटली. रोज टुमणं लावलं. शेवटी एका मंगळवारी पारुअम्मानं मांडवाकडे बघितलं, कडेवरच्या तुंबीकडे बघितलं, आणि हळूच म्हणाली, "छान आलंय गं सगळं. शेंगा छान आहेत. आणि ही... असं गोड लेकरू मी या डोळ्यांनी पाहिलं नाही." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. अश्वतीला धन्य वाटलं. खरं सांगायचं तर पारुअम्मापेक्षा तिला स्वतःचंच कौतुक जास्त वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं परसातली खताची बाटली काढली. तारली मासळी आणि गूळ सम प्रमाणात घालून चाळीस दिवस कुजवलेलं ते पाणी. बाटलीवर निधीशच्या अक्षरात चिठ्ठी होती: लिटरला एक टोपण. विषूला दोन आठवडे राहिले होते आणि काकड्या अजून मनगटाएवढ्याच होत्या. शिक्षकांच्या ग्रुपवर ती घरच्या काकडीचं आधीच बोलून बसली होती. टोपणानं मोजत बसायला धीर कुणाला? तिनं अंघोळीचा मग उचलला आणि बाटलीतलं खत बादलीत सरळ मगानं ओतलं. भर उन्हात काकडीच्या आळ्यात, वेलांच्या बुडात घालत सुटली. कुंपणालगतची ओळ तेवढी राहिली होती, तोवर बादली संपली आणि घरात तुंबी रडायला लागली.

शुक्रवारी सकाळी पानांच्या कडा भाजल्यासारख्या झाल्या होत्या. दुपारपर्यंत वेल माना टाकून मोकळे झाले. आणि त्याच दुपारी तुंबीचं अंग तव्यासारखं तापलं. दूध घेईना.

"कोण आलं होतं?" सरोजिनीअम्मानं विचारलं. "काय बोललं?"

अश्वतीनं सांगितलं.

"आणि तू तिला बोलायला लावलंस? स्वतःच्या तोंडानं?" सासूनं कपाळावर हात मारला. "मग आता सांग तुझ्या विज्ञानाला ताप उतरवायला!"

निधीश कामावरून आला तो आधी परसात जाऊन आला. "अगं, खत किती घातलंस?"

"चिठ्ठीवर लिहिलंय तेवढंच," अश्वती म्हणाली.

एवढंच खोटं ती बोलली. त्यानं विश्वास ठेवला, कारण ती कधी खोटं बोलत नसे.

डॉक्टर म्हणाले, साथ आहे, सकाळपासूनचं हे सातवं बाळ, चार दिवसांत उतरेल. पण घरी मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या तयार होत्या. आईच्या हातचा उतारा लवकर लागतो म्हणून सासूनं त्या अश्वतीच्याच मुठीत दिल्या. अश्वतीनं लेकीवरून तीनदा ओवाळल्या. तीनदा साबण लावूनही तिच्या हाताला तारलीचा वास येत होता. मूठ तिच्याच नाकासमोरून जात होती. मिरच्या चुलीत पडल्या, कुणाला ठसका लागला नाही, आणि दृष्ट होती याची घरात सगळ्यांची खात्री पटली. लाजेची गोष्ट अशी की अश्वतीनंही ती पटवून घेतली. पोर तापानं फणफणलेली असताना दोष दुसऱ्याच्या पदरात पडतोय, हे तिला बरं वाटलं.

शनिवारी निधीशनं जुन्या मडक्याला चुना फासला, त्यावर कोळशानं डोळे काढले, दात काढले. "जीभ काढ, बाहेर आलेली," सासूनं सांगितलं, तीही काढली. ते मडकं काठीवर चढवून पारुअम्माच्या स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून उभं केलं. कुंपणाची फट काटेरी फांद्या आणून अश्वतीनं बुजवली. ते काम तिनं आपण होऊन केलं. थोड्या वेळानं पारुअम्मा तुंबीसाठी पेजेचं भांडं घेऊन आली. ती मडक्यासमोर उभी राहिली, फांद्यांकडे बघितलं आणि भांडं घेऊन माघारी गेली. अश्वती खिडकीतून बघत होती आणि तिनं हाक मारली नाही.

मंगळवारी ताप उतरला. बुधवारी तुंबीला कडेवर घेऊन अश्वती परसात आली आणि जागच्या जागी थबकली. सगळा मांडव करपला होता, पण कुंपणालगतची ओळ हिरवीगार होती. फुलांवर आली होती. पारुअम्माच्या दारापासून चार पावलांवर! जीभ लागायची तर आधी तिथं लागायला हवी होती. अश्वतीला आता कळलं असं म्हणता येणार नाही. कळलेलं होतंच, फक्त न कळल्याचं सोंग यापुढे जमेना. तरी मडकं तिनं काढलं नाही. काढलं असतं तर सासूनं का म्हणून विचारलं असतं.

रविवारी बचत गटाची सभा लैलाच्या ओट्यावर भरली. लैला गटाची अध्यक्ष, पोटात काही न राहणारी बाई.

"टीचर, तुमच्या बागेचं कळलं हो," ती म्हणाली. "इतकी राबलात. काय झालं काय म्हणावं?"

अकरा बायकांचे डोळे सगळ्यात खालच्या पायरीवर बसलेल्या पारुअम्माकडे वळले. अश्वतीनं तोंड उघडलं. एका वाक्याचं काम होतं. तिनं पुढ्यातली गटाची वही ओढून हप्त्याचे आकडे मांडायला घेतले.

"माझंच चुकलं," पारुअम्मा खालच्या पायरीवरून म्हणाली. "तोंड आवरायला हवं होतं." मग चहा आला आणि विषय बदलला.

त्या संध्याकाळी अश्वती पारुअम्माकडे गेली. फट स्वतःच बुजवलेली, त्यामुळे रस्त्यावरून वळसा घालून जावं लागलं. पारुअम्मा लोणच्याच्या कैऱ्या पुसत होती.

"पारुअम्मा, वेल खतानं जळले. माझ्या हातून जास्त पडलं."

"ठाऊक आहे, टीचर. मगानं ओतत होतात. मी विहिरीवर होते."

'पोरी'ची 'टीचर' झाली होती, 'तू'चं 'तुम्ही'.

"मग ओरडला का नाहीत?"

"ओरडणारच होते, थांबा, जळेल म्हणून." पारुअम्मानं हातातली कैरी खाली ठेवली. "पण माझ्या तोंडून 'जळेल' निघालं असतं आणि जळलं असतं, म्हणजे? आदल्याच दिवशी चांगलं बोलून बसले होते. म्हटलं, गप्प बसलेलं बरं."

"आणि आज सभेत?"

"त्यात काय एवढं. माझ्या नावावर इतकं आहे, त्यात आणखी एक. तुम्हाला शाळेत पोरांसमोर उभं राहायचंय." तिनं दुसरी कैरी घेतली. "तुंबी दूध पिते ना आता?"

अश्वतीला रडूही येईना. रडायचा हक्क आपल्याला नाही, हे तिला तिथं बसल्या बसल्या कळलं.

घरी येऊन तिनं मडकं उतरवलं, फांद्या ओढून टाकल्या. सासूला आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. "मी विचारलं होतं तुला," एवढंच निधीश म्हणाला. सासू म्हणाली, "झालं ते झालं. बाहेर बोलायची गरज नाही." विषूला काकडी बाजारातली आली. फट मोकळी झाली तरी तिच्यातून कुणी आलं नाही.

पुढच्या रविवारी अश्वती बाटली आणि मग घेऊनच सभेला गेली. लैला काही बोलायच्या आत उभी राहिली. चिठ्ठी वाचून दाखवली, हातातला मग उंच धरून दाखवला. कुठली ओळ जळली, कुठली वाचली, तुंबीसोबत किती बाळं आजारी होती, सगळं पायरी पायरीनं सांगितलं. "मी घरात खोटं बोलले," ती म्हणाली. "गेल्या रविवारी इथं गप्प बसले. पारुअम्माचा यात काडीचा दोष नाही." एकही शब्द तिनं गाळला नाही.

लैलानं डोळ्याला पदर लावला.

"बघा गं," ती म्हणाली, "याला म्हणतात शिक्षण! म्हाताऱ्या बाईला बोल लागू नये म्हणून सगळं स्वतःवर घेतलं."

"नाही, लैलाताई, हे खरंच..."

"पुरावासुद्धा घेऊन आल्या की!" कुणीतरी म्हणालं आणि बायका मायेनं हसल्या. "टीचरचं मन मोठं!"

"आमची सून पहिल्यापासूनच अशी," सरोजिनीअम्मा म्हणाली. तिला तर सगळं ठाऊक होतं.

अश्वती "नाही, नाही" म्हणत राहिली. ती जितकं नाही म्हणाली तितकं तिचं कौतुक वाढत गेलं. पारुअम्मा खालच्या पायरीवर मान खाली घालून बसली होती. चहा घेऊन लैलाची सून बाहेर आली, तिला सातवा महिना होता. सगळ्यांना कप देत देत ती खालच्या पायरीशी पोचली, तेव्हा तिनं एका हातानं ओढणी पोटावर ओढून घेतली. पारुअम्मानं ते बघितलं आणि तिला अवघडायला नको म्हणून कप घेताना तोंड दुसरीकडे फिरवलं.