पंखा लावला का?

मार्लिस हेट छाटणी करताना कानात पॉडकास्ट लावते, यात नवल काही नाही. केउका तळ्याच्या काठच्या द्राक्षमळ्यांत हिवाळ्यात जेवढे हात कात्री चालवतात, तेवढ्या सगळ्यांच्या कानात काही ना काही चालूच असतं. कुणाची गाणी, कुणाची प्रवचनं, कुणाचे बेसबॉलचे सामने. गुडघाभर बर्फात उभं राहून एकेका वेलीच्या चार काड्या राखायच्या आणि बाकी सगळ्या कापून टाकायच्या, हे काम मुकाट्यानं करायचं म्हटलं तर माणसाला वेड लागेल. मार्लिस ऐकते वाइन करणाऱ्यांच्या मुलाखती. ‘पिंपाशेजारी’ नावाचा कार्यक्रम. प्रेंटिस कॉइल म्हणून एक गोड गळ्याचा माणूस तळघरा-तळघरांत जाऊन वाइनवाल्यांना बोलतं करतो आणि दर मंगळवारी एकेकाला आपल्या कानात आणून सोडतो.

नवल पुढेच आहे. मार्लिस त्यांचं बोलणं ऐकतच नाही. आजोबांनी लावलेल्या वेली, डोंगरउतारावरची माती, ओकच्या पिंपांचा वास, हे सगळं तिच्या एका कानानं आत येतं आणि दुसऱ्यानं निघून जातं. ती ऐकते बोलणाऱ्याच्या पाठीमागचं. तिथं पंखा घरघरतोय का, एवढंच.

घरघर ऐकू आली की ती शांतपणे पुढची वेल धरते. नाही आली की ती बोलणाऱ्याचं नाव मनात घोकून ठेवते. मग जेवणाच्या सुट्टीत ट्रकमध्ये बसून ती त्या वाइनरीचा नंबर शोधून काढते. फोन बहुतेक ठिकाणी बायकोच उचलते.

“मुलाखत ऐकली तुमच्याकडची. मागे पंखा बंद होता. नंतर लावला का?”

“अहो बाई, ती मुलाखत ऑक्टोबरातली. आता जानेवारी चाललाय. टाक्या कधीच्या गार झाल्या.”

“ते असू दे. तेव्हा लावला होता का?”

“लावलाच असेल की.”

“असेल म्हणजे? आठवतंय का तुम्हाला लावलेला?”

आणि ते कुणालाच आठवत नाही. दिवसातून वीसदा दाबलेलं बटण कुणाच्या लक्षात राहतं सांगा. काही जणी चिडतात, काही जणी हसून फोन ठेवतात. तळ्याकाठी सगळ्यांना आता ठाऊक झालंय: पंखेवाली बाई. तोंडावर कुणी काही म्हणत नाही, एवढी माणुसकी आहे अजून.

तिच्या नवऱ्याचं, डेलचं, काय झालं हेही सगळ्यांना ठाऊक आहेच. द्राक्षं टाकीत फसफसायला लागली की त्यातून वायू सुटतो. हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, दिसत तर नाहीच, आणि त्यात माणूस गुदमरून जातो. हेटांचं तळघर कोठाराच्या खाली, उतारात खोदलेलं, बुटकं. तिथं सुगीचे दोन महिने पंखा अखंड चालू ठेवावा लागतो. तीन सुगींमागे प्रेंटिस डेलची मुलाखत घ्यायला आला आणि म्हणाला, “वहिनी, या पंख्यानं सगळं रेकॉर्डिंग खराब होतंय, तेवढा बंद करता का?” मार्लिसनं दाराजवळचं बटण दाबलं आणि दार ओढून ती बाहेरच्या पायरीवर बसून राहिली. मुलाखत संपली, प्रेंटिस गेला, ती घाईनं वर जाऊन स्वयंपाकाला लागली. संध्याकाळी डेल जेवायला वर येईना. पुतण्या कॉर्विन बघायला खाली गेला आणि त्यानं जी हाक मारली, ती मार्लिसला अजून ऐकू येते. डेल सगळ्यात खालच्या कोपऱ्यात खोक्यावरून कलंडलेला होता. पंखा बंद होता.

का बंद होता, ते कुणी विचारलं नाही. मार्लिसला विचारायची गरज नव्हती. आपण बंद केल्याचं तिला स्वच्छ आठवत होतं. पुन्हा लावल्याचं आठवत नव्हतं.

तेव्हापासून कॉर्विन तिच्या हट्टापायी तो पंखा बारा महिने चालू ठेवतो. तरी भांडी घासता घासता तिला मध्येच वाटतं, घरघर थांबली. साबणाच्या हातानं ती अंगण ओलांडून तळघराचं दार उघडते. पंखा चालूच असतो. खालच्या कोपऱ्यात कुणी नसतं. तरी ती थोडा वेळ तिथं बघत उभी राहते, कारण न बघता परत फिरायची तिची छाती होत नाही.

डेलची मुलाखत तिच्या फोनमध्ये होती. माणूस गेल्यावर प्रेंटिसनं विचारलं होतं, पुसून टाकू का? ती म्हणाली, लोकांना ऐकू दे, त्यात काय आहे ते मला सांगू नकोस. बाकीच्या सगळ्यांच्या मुलाखती तिनं ऐकल्या, तेवढी सोडून.

तिच्याबरोबर छाटणीला एर्ला नोल्ट असते. एर्ला मेनोनाइट, यंत्रांपासून लांब राहणाऱ्या ख्रिस्ती पंथातली, जुन्या वळणाची. काळी टोपी, घोडागाडी, घरात फोन नाही की भिंतीवर फोटो नाही. पण जीभ मात्र कात्रीहून धारदार.

“आज कोणाच्या पंख्यामागे लागलीयस?” एर्लानं शेजारच्या ओळीतून विचारलं.

“आज चालू आहे पंखा.”

“मग तोंड का असं पाडलंयस? तुझ्या नवऱ्याची कधी ऐकणार?”

“त्यात पंखा बंद आहे, एर्ला. मी बंद केलेला. तो बंद असलेला मला ऐकायचा नाही.”

एर्लानं कात्री तारेला अडकवली. “माझा नवरा, हार्वे, जाऊन सहा वर्षं होतील. चेहरा आठवतो मला. आवाज गेला. मी चुलीपाशी उभी राहून त्याच्यासारखी ‘एर्ला’ अशी हाक मारून बघते, तर माझाच आवाज येतो. आणि तुझा नवरा तुझ्या खिशात बोलतोय, आणि तू त्याला कोंडून ठेवलायस. मला तर राग येतो तुझा.”

मार्लिसचे हात थांबले होते.

“दे इकडे एक,” एर्ला म्हणाली आणि तिनं टोपीची नाडी सोडून कान मोकळा केला.

“तुमच्या बिशपना चालेल का?”

“विकत कुठं घेतलंय? शेजारणीकडून उसनं घेतलंय.”

अशा त्या दोघी एकेक कान वाटून घेऊन वेलीपाशी उभ्या राहिल्या. आधी डेल खोकला. मग हसला. मार्लिसनं तार घट्ट धरली. मागे खरंच शांतता होती, आणि त्या शांततेत डेल रंगात येऊन बोलत होता. प्रेंटिसनं विचारलं, सुगीत तुम्हाला सगळ्यात काय आवडतं?

“खरं सांगू?” डेल म्हणाला. “संध्याकाळी सगळे वर गेले की मी पंखा बंद करतो आणि खालच्या कोपऱ्यात टाकीला कान लावून बसतो. पंखा असला की काही ऐकू येत नाही हो. बंद केला की ती बोलते. मंद आचेवर लोणी कढतं ना, तसं. पाचच मिनिटं. बायकोला सांगू नका हं, चामडी सोलेल माझी.”

दोघे पुरुष हसले. मार्लिसला हे ठाऊक नव्हतं. एवढा संसार झाला, त्याच्या गुडघ्याची कळ कुठून निघते तेही ठाऊक होतं, आणि हे नव्हतं.

प्रेंटिसनं आभार मानले. संपलं, असं वाटून तिनं कानाकडे हात नेला, तेवढ्यात कुणी बाई लांबून म्हणाली, “झालं का तुमचं? लावू आता?”

“लाव, लाव,” डेल म्हणाला.

खट्ट झालं.

“हे काय घुमायला लागलं शेवटी?” एर्लानं विचारलं.

मार्लिसनं मागे नेऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा ऐकलं. आवाज तिचाच होता. कंटाळलेला, स्वयंपाकाची घाई असलेला, रोजचा. तिनं लावला होता पंखा.

“म्हणजे तू नव्हतीस,” एर्ला हळूच म्हणाली.

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आपण विसरलो, असं होतं तोवर डेलचं काहीतरी तिच्या हातात होतं. दर मंगळवारी त्याच्याचसाठी ती फोन लावत होती. आता चूक त्याची, आणि भांडायला तो नाही. तिनं कात्री उचलली आणि समोरची वेल कापायला घेतली.

“पाच मिनिटं म्हणे. पाच मिनिटं. मेल्या, मला सांगितलं असतंस तर मी बसले असते दारात. तू ऐक हवं तेवढं, मी बसते घड्याळ घेऊन, म्हटलं असतं. चामडी सोलेल म्हणे.”

“मार्लिस,” एर्ला म्हणाली, “राखायच्या काड्या कापतेयस तू.”

चारही काड्या बर्फात पडल्या होत्या. त्या वेलीला आता वर्षभर द्राक्ष नाही. मार्लिस तिथंच बसली आणि तिनं तोंडाला हातमोजा लावून हुंदके दिले. एर्लानं बुंध्याजवळचा एक बारीकसा फुटवा शोधला आणि पुढच्या सालासाठी तो तारेला बांधून टाकला.

बाकीचा हिवाळा मार्लिसनं कुणालाच फोन केला नाही. लोक म्हणाले, पंखेवाली बाई बरी झाली.

पुढच्या सप्टेंबरात, ऐन सुगीत, ‘पिंपाशेजारी’त तळ्याच्या पलीकडच्या काठावरचा टोबिन स्ट्राल आला. तरणा माणूस, पहिलीच सुगी. मागे पंखा नव्हता. मुलाखत आदल्याच दिवशी घेतलेली. मार्लिसनं ट्रकमध्ये बसून नंबर लावला. बायकोनं उचलला.

“पंख्याबद्दल ना?” ती हसली. बाईची कीर्ती तिथवर पोचलेली होती. “थांबा, मी बघून येते.”

“तू नको बघूस, बाळ. त्याला दे.”

टोबिन आला. “काकू, पंखा प्रेंटिसनं बंद करायला लावला होता. हिनं लगेच लावला परत.”

“ते नाही विचारत मी. सगळे वर गेल्यावर तू बंद करून बसतोस का? ऐकत?”

टोबिननं आवाज खाली केला.

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“माझ्या नवऱ्यानं,” मार्लिस म्हणाली. “आता जा आणि बायकोला सांग. मी धरलाय फोन.”

त्यानं फोन टेबलावर ठेवला, आणि दार उघडून बायकोला हाक मारली.