डिलीट केलेला यूजर

इथले भुताखेतांचे अनुभव मी करमणूक म्हणून वाचतो, विश्वास ठेवून नाही. सगळी नोकरी कॉम्प्युटरमध्ये गेली. मशीन बिघडलं की त्यामागे कारण असतंच, असं मानणारा मी माणूस. तरीही हे एक प्रकरण... लिहायला इतकी वर्षं लागली ती भीतीमुळे नाही, शरमेमुळे.

गोष्ट १९९६च्या आसपासची, लखनौची. वडील आर्मीतून तिथेच रिटायर झाले, म्हणून आम्ही साताऱ्याचे जोशी तिथल्या महानगर नावाच्या वस्तीत राहायचो. लखनौतल्याच कपूरथला मार्केटजवळ एका खाजगी कंपनीचं ऑफिस होतं, तिथे मी सिस्टिम सांभाळायचो. एक सर्व्हर आणि त्याला जोडलेले वीस-बावीस कॉम्प्युटर. कुणाला कुठली फाइल उघडता येईल हे मी ठरवायचो. सगळंच उघडता येईल असे अधिकार — सुपरवायझर राइट्स — फक्त माझ्याकडे. निदान नियमाप्रमाणे तरी.

श्रीवास्तवजी आमचे सर्वांत जुने ऑपरेटर. आयुष्य टाइपरायटरवर गेलं, पन्नाशीनंतर कॉम्प्युटर शिकले. फ्लॉपीसुद्धा दोन्ही हातांनी धरायचे. माझ्या बहिणीचं लग्न साताऱ्याला ठरलं. मागे रोजचा बॅकअप कोण घेणार, म्हणून मी त्यांना सुपरवायझर राइट्स देऊन टाकले. "जोशी जी, आप निश्चिंत होकर जाइए," ते म्हणाले. परत आल्यावर राइट्स काढायचे होते. काढले नाहीत. निव्वळ आळस.

सहा-सात महिन्यांनी बदल्यांची गोपनीय यादी जाहीर व्हायच्या आधीच ऑफिसभर झाली. मॅनेजर सिन्हासाहेब भडकले. "किसके पास क्या राइट्स हैं, शाम तक मुझे लिस्ट चाहिए!"

सर्व्हरवर एक छोटा प्रोग्रॅम होता. धोकादायक अधिकार कुणाकडे आहेत ते तो शोधून द्यायचा. चालवला. दोन नावं आली — माझं आणि श्रीवास्तवजींचं. ते अधिकार दिले कुणी, हे मात्र त्यात येत नसे. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'सदर यूजरकडे अनधिकृत अधिकार आढळले.' यात खोटं काही नाही... असं मी स्वतःला सांगितलं.

साहेबांनी दोघांनाही केबिनमध्ये बोलावलं. श्रीवास्तवजी माझ्याकडे वळले. "जोशी जी, आपकी बहन की शादी थी... आप ही ने तो दिया था. याद कीजिए."

मला लख्ख आठवत होतं. मी म्हणालो, "मुझे तो याद नहीं."

त्यांनी वाद घातला नाही. त्यांच्या सर्व्हिस फाइलमध्ये शेरा पडला, बदली तीन-चार तासांवरच्या बहराइचला झाली. त्याच दिवशी मी त्यांचा यूजर डिलीट केला. घरी पत्नी पॅरालिसिसने अंथरुणाला खिळलेली. तिच्याजवळ मेहुणीला ठेवून ते गेले. शनिवारी बसने यायचे. तिसऱ्या महिन्यात तिथल्या भाड्याच्या खोलीतच हार्ट अटॅकने गेले. यादी हेड ऑफिसमधून फुटली होती, हे त्यानंतर कळलं.

मग पुढची तपासणी आली. मे महिना, सकाळचे साडेअकरा, हॉलमध्ये चहा फिरत होता. प्रोग्रॅम चालवला. स्क्रीनवर एकच नाव, माझं. प्रिंट काढली — कागदावर दोन! दुसरं श्रीवास्तवजींचं.

जुनं काहीतरी अडकलं असेल म्हणून प्रिंटर बंद करून चालू केला, सर्व्हरवरची प्रिंटची रांग रिकामी केली. पुन्हा प्रिंट दिली. पुन्हा दोन नावं... आणि या वेळी खाली एक जास्तीची ओळ. अधिकार देणारा म्हणून माझं लॉगिन नेम, आणि तारीख — मी साताऱ्याला निघालो त्याच्या आदल्या दिवशीची.

अशी ओळ तो प्रोग्रॅम छापतच नव्हता. तशी सोयच नव्हती त्यात.

तेवढ्यात सिन्हासाहेब आले. त्यांनी प्रिंटरमधून कागद फाडून घेतला. मनात आलं, मला भास होत असेल तर बरं होईल... त्यांना कोरा दिसू दे. त्यांनी दोनदा वाचला.

"ये आपने दिया था?"

"जी."

"उस दिन तो आपको याद नहीं था."

मी सगळं सांगितलं. त्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "अब किससे माफी माँगेंगे आप?"

त्यांनी हेड ऑफिसला लिहून शेरा काढून घेतला. मला लेखी ताकीद मिळाली. वर्षभरात मी ती नोकरी सोडली. सर्व्हर बसवणाऱ्या इंजिनिअरला विचारलं, तर तो म्हणाला, "कौन किसको राइट्स देता है, ये सर्वर कहीं रखता ही नहीं. छपेगा कहाँ से?" आजवर अनेकांना विचारलं. सगळे हेच सांगतात.

शेरा काढल्याचं पत्र द्यायला मी श्रीवास्तवजींच्या घरी गेलो होतो. मेहुणीने ते वाचून दाखवलं. त्यांच्या पत्नीने उशीवरूनच हात जोडले, आणि अडखळत म्हणाल्या, "हमसे तो यही कहते थे... जोशी जी सच में भूल गए होंगे. इतना काम रहता है बेचारे पे."

मी मान खाली घालून चहा प्यायलो आणि उठलो. पुढच्या थंडीत त्याही गेल्या. सांगायचं राहून गेलं, असं म्हणवत नाही. मी सांगितलं नाही.