आधी ‘ण’, मग गणित

“आधी ‘ण’ शिका, मग गणित.”

सर असं म्हणाले आणि ओटीवर बसलेले सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची लाज आज केस पिकले तरी जात नाही.

सरांची भुईगावला केळीची वाडी होती. सुट्टीत ते विद्यार्थ्यांना तिथेच बोलवत. मला उपयोजित अर्थशास्त्रात पीएच.डी. करायची होती. प्रबंधाला हात घालण्याआधी कोणकोणत्या विषयांचे वर्ग करायचे, ते त्या दिवशी ठरणार होतं. माझी पाळी आली. मी म्हणालो, “सर, मला गनिती अर्थशास्त्र घ्यायचंय.”

गनिती. एवढंच. आमच्या खाडीकाठच्या घरात ‘ण’ नाहीच. एम.ए.ला गणिताच्या पेपरात मी वर्गात पहिला होतो. ते कुणी विचारलं नाही.

सरांनी माझ्या कागदावरचा तो विषय खोडला. “तुमची माणसं मिठागरातली ना? मग तिथली माहिती आणून द्या. मजुरी, वजन, भाव. त्यातून सिद्धान्त काय निघतो, ते ही मंडळी बघतील.”

“हो सर,” मी म्हणालो.

घरी आलो. आई आगरातून नुकतीच परतली होती. मिठाने पायांना भेगा पडलेल्या. तांब्या पुढे करत म्हणाली, “पानी घे, बाला.”

माझं डोकं फिरलं. “पानी नाय, आय! पाणी! पाणी म्हन!”

ती बघतच राहिली. मग खो-खो हसली. “आरं, तू पन ‘म्हन’च म्हनालास!”

तिला वाटलं, मी गंमत करतोय. शेजारणीला हाक मारून तिने ती सांगितलीसुद्धा. मी तांब्या हातात धरून उभा. सर माझ्याशी जसे वागले, तसाच मी तिच्याशी वागलो होतो. तिच्या हसण्यात मात्र मला कमी लेखणं नव्हतं.

सकाळी चालत भुईगाव गाठलं. सर वाडीत होते.

“सर, माझा विषय परत लिहा.”

“कोणता?”

“गनिती अर्थशास्त्र.” या वेळी जीभ घसरली नव्हती.

“झेपणार नाही तुम्हांला.”

“मग पेपरात नापास करा. ओटीवर नको.”

ते पाठ फिरवून केळींत शिरले. मी ओटीवर जाऊन बसलो. कागदावर त्यांची सही मिळाल्याशिवाय उठणार नव्हतो. आगरातली माहिती मी आणीन. सिद्धान्तही मीच काढीन. आणि चारचौघांत तो मांडताना गनितच म्हणीन.