युफोनियमची चार पानं

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला संगीत विषयात लघुप्रबंध लिहायचा होता. बाकीच्या पोरींनी राग घेतले, मी लग्नातला बँड घेतला. "मुलीच्या जातीला शोभतं का हे?" असं कॉलेजातल्या बाई म्हणाल्या, म्हणून तर हट्टानं घेतला. नव्वद साल कधीच उलटलं होतं, तरी ही तऱ्हा!

राजारामपुरीत एका बँडचं दुकान होतं. तिथले चाचा युफोनियम वाजवायचे. युफोनियम म्हणजे पोटाशी धरायचं मोठं पितळी वाद्य, खालचे भरदार सूर त्याचे. दुकानात बसून चाचा कळा दाबत, तोंडानं गुणगुणत एकेक ओळ सांगायचे आणि मी लिहून घ्यायची. त्यावर मी चार पानं लिहिली. अख्ख्या प्रबंधात मला स्वतःला आवडलेली तेवढीच.

प्रबंध बाइंडिंग होऊन आला. सोबत कॅसेट देणं सक्तीचं होतं, म्हणून कसबा बावड्यातल्या एका वरातीत टेपरेकॉर्डर घेऊन चाचांच्या शेजारून चालले. खोलीवर येऊन ऐकलं तर ट्रंपेट आहे, ढोल आहे, चाचांचा पत्ताच नाही. टेपला शिव्या घातल्या. पुढच्या वरातीत थेट त्यांच्यासमोर उभी राहिले. गाल फुगलेले, बोटं बरोबर कळांवर. वाद्याच्या तोंडात डोकावले आणि आईशप्पथ, हबकलेच. आत फडकं कोंबलेलं!

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मी आवाज चढवला. "चाचा, फसवलंत की मला!"

चाचांनी कवळी काढून तळहातावर ठेवली. मी दोन पावलं मागं सरले.

"हिच्यावर फुंक टिकत न्हाय, पोरी. अकरा माणसांची सुपारी असली की पार्टी वर्दीतली अकरा मोजून घेती. म्हणून उभा ऱ्हातो. चुकून फुंक गेली तर भसाडा आवाज निघंल, म्हणून फडकं. बँडमास्तरला ठावं हाय, बाहेर कुणाला न्हाय. तू कुठं बोललीस तर ही वर्दी गेली माझी."

रागानं माझे कान तापले होते, आणि त्या कवळीकडं बघवतही नव्हतं. प्रबंध तसाच जमा केला.

तोंडी परीक्षेला बाहेरचे सर आले. त्यांनी कॅसेट लावली, माझी चार पानं उघडली आणि विचारलं, "हे वाद्य ऐकू कुठं येतंय?"

मी टेपचा आवाज वाढवून बघितला.

"आमच्या मुलीच्या लग्नाला हाच बँड ठरलाय, म्हणून जरा नीट ऐकतोय."

खरं काय ते एका वाक्यात सांगता आलं असतं. प्रबंधातला सगळ्यात भारी शोध तोच ठरला असता! "माझी ऐकण्यात चूक झाली, सर," मी म्हणाले. माझ्याच तोंडून हे निघालं यावर माझाच विश्वास बसेना. सरांनी चारही पानांवर तांबडी फुली मारली. फर्स्ट क्लास गेला. बाई महिनाभर बोलल्या नाहीत.

प्रबंध परत मिळाल्यावर दुकानात घेऊन गेले. चाचांना वाचता येत नव्हतं. आपली पानं कुठली ते विचारून त्यांनी फुलीवर बोट ठेवलं.

"ह्ये तांबडं काय गं?"

"परीक्षकांनी खूण केलीय. आवडलं म्हणून."

चाचा कवळी हलेपर्यंत हसले. "म्हंजे सायबास्नी माझं वाजवणं ऐकू गेलं म्हण की!"

"व्हय, चाचा," मी म्हणाले.