भिंती पाडा, दारं ठेवा

“आधी बसा, मग बगा.”

वस्तीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला वैनी हेच सांगायच्या. मंत्रालयातून आलेला बडा अधिकारी असो की टेप धरणारा आमचा शिपाई, आधी त्यांच्या दारातल्या पाटावर टेकायचं, कोकम सरबत प्यायचं आणि मगच नकाशा उघडायचा. उभ्या उभ्या नकाशा बघणारा साहेब उभ्या उभ्याच निघून जातो, असा त्यांचा अनुभव होता.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. रत्नागिरीच्या नगरपरिषदेत मी तेव्हा कनिष्ठ अभियंता होतो. मी मूळचा घाटावरचा, त्यामुळे माझं साधं बोलणंही त्यांना भांडण वाटायचं. “सायब, रागावलात काय?” असं त्या मधूनच विचारायच्या. मी म्हणायचो, “नाही हो वैनी, सिमेंटचा भाव सांगतोय.”

खाडीकाठच्या त्या वस्तीच्या त्या नगरसेविका. नवरा लवकर गेलेला, सुकट विकून मुलाला वाढवलेलं, आता तो मुंबईला नोकरीत. वस्ती म्हणजे पत्रे, ठोकून सपाट केलेली डांबराची पिंपं, ताडपत्र्या आणि सगळ्यांत मिळून दोन संडास. गरिबांच्या वस्त्या नव्याने बांधायला सरकार पैसे देतंय हे कळल्यापासून वैनींनी आमच्या मुख्याधिकाऱ्यांच्या दाराशी ठाण मांडलं होतं. अखेर योजना मंजूर झाली. त्याच जागेवर पक्की घरं, घरात नळ, घरात संडास. पहिला हप्ताही आला, पण अट घालूनच. मार्चअखेर जागा मोकळी होऊन पाया खणायला सुरुवात झाली नाही, तर पैसे परत जाणार होते.

सगळ्यांनी संमती दिली होती. तात्पुरतं राहायला नगरपरिषदेचं जुनं गोदाम झाडून ठेवलं होतं. ठेकेदार आला, मजूर आले. वस्ती मात्र हलेना. जो तो म्हणे, “शिमग्यानंतर बगू.” आणि त्या वर्षी शिमगा नेमका मार्चअखेरीला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घर हवं म्हणून मोर्चे काढायचे आणि द्यायला गेलं की सण आठवायचा! तरातरा वैनींकडे गेलो. त्यांनी पाट सरकवला. मी बसलो नाही.

“पालखी येते, सायब,” त्या हळूच म्हणाल्या.

तुम्ही कोकणातले असाल तर पुढचं सांगायला नको. मला ते शिकावं लागलं. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघते आणि घरोघर जाते. एरवी माणूस देवीकडे जातो, या दिवसांत देवी माणसाच्या दारात येते. त्यासाठी चाकरमानी मुंबईहून भांडून सुट्टी काढतात. पण ही वस्ती पोटासाठी बाहेरून आलेल्यांची. पालखी वर्षानुवर्षं वरच्या रस्त्यावरूनच मागे वळायची. पालखीचा मान असलेल्या घराण्यांचे उंबरे झिजवून वैनींनी ती अलीकडेच खाली आणली होती.

“एक वरीस चुकली तर म्हणतील, तिथं दारंच नव्हती. मग परत कोण आणणार तिला?” त्यांचे डोळे भरले. “घरं तुमी बांधाल. पण आमी ह्या गावातले हाव, ह्ये कोण सांगणार?”

मी पाटावर बसलो. पैसे परत गेले तर पुन्हा येणार नाहीत हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. ते आणायला त्यांनीच जिवाचं रान केलं होतं.

“भिंती पाडा,” त्या एकदम म्हणाल्या. “दारं ठेवा.”

“म्हणजे?”

“देवी उंबऱ्याशी येते. पत्र्यात तिचं काय काम? तुमी मागच्या अंगानं खणायला घ्या.”

हे कुठल्याच नकाशात बसणारं नव्हतं. पण मागून सुरुवात केली तर पुढची दारांची रांग काही दिवस सांभाळता आली असती. मी हो म्हटलं.

आठवड्याभरात झोपड्या उतरल्या. उघड्यावर नुसत्या दारांच्या चौकटी उभ्या राहिल्या. काहींना चौकटच नव्हती, गोणपाटाचा पडदा होता. त्यांच्यासाठी वैनींनी दोन-दोन बांबू पुरून वर आंब्याचे टहाळे बांधले. एका काकांनी तर गोदामात राहायला जाताना दाराला कुलूप लावलं. “सवय हो,” म्हणाले. ठेकेदार हसून हसून खाली बसला. मागे आमची खणती चालू आणि पुढे बायका उंबऱ्यांवर रांगोळ्या घालतायत, असं ते काम सुरू झालं.

पालखी आली तेव्हा वरच्या वळणावर ढोल थांबले. सगळ्यांत वयस्कर मानकरी पुढे आले. कडक म्हातारा. खाली बघत म्हणाले, “वैनी, घरं कुठं हायत?”

वैनी आपल्या चौकटीत ओटीचं ताट घेऊन उभ्या होत्या. “घरं होतायत, बाबा. उंबरे हायत.”

म्हाताऱ्यानं चौकटींची रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळली. माझा जीव टांगणीला लागला. खरं सांगतो, मार्चअखेर मी साफ विसरलो होतो. मग त्यांनी मागे वळून हात केला आणि ढोल कडाडले. पालखी खाली उतरली. एकेका दारापुढे थांबली, बांबूच्या दारांपुढेही. कुलूपवाले काका कनवटीला किल्ली शोधत होते. भिंती नसूनही एकही बाई बाजूने बाहेर आली नाही. सगळ्या दारातूनच आल्या. मला रडू आवरेना. वैनींनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “काय सायब, सिमेंट वाढलं काय?”

पैसे राहिले. घरं व्हायला दोन पावसाळे गेले, पण झाली. सुरुवातीला वैनी उगाच नळ सोडून पाणी बघत बसायच्या आणि मग स्वतःवरच ओरडायच्या. पुढे माझी चिपळूणला बदली झाली. वैनी गेल्याचं तिथेच कळलं. शेवटचं बघायला मिळालं नाही, याची रुखरुख राहिली.

त्यानंतरच्या शिमग्याला मुद्दाम गेलो. वैनींच्या घराला कुलूप होतं. मुलाला सुट्टी मिळाली नव्हती. “बंद हाय, पुढं चला,” कोणीतरी म्हणालं. पालखी घेतलेली पोरं पुढे सरकली, तशी त्या म्हाताऱ्या मानकऱ्यांनी काठी आडवी धरली.

“हितं थांबायचं.”

शेजारीण धावत जाऊन आपल्या घरातला नारळ आणि तांदूळ घेऊन आली. वैनींच्या उंबऱ्यासमोर ओटी भरली गेली. मानकऱ्यांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं, “बा देवी महाराजा, ह्या गावातल्या तुझ्या लेकीच्या घरची ही ओटी मानून घे.”

“होय महाराजा,” सगळी वस्ती म्हणाली. मीही म्हणालो.